आधी पाणी मागितलं

पुण्यात नवी ओळख झाली की दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत एक वाक्य ठरल्यासारखं येतं. "तुम्ही ख्रिश्चन आहात? वाटत नाही हो." त्यात वाईट हेतू नसतो. माझं आडनाव, बोलणं, नेसणं, नाताळात घरी होणाऱ्या करंज्या-चकल्या, सगळं इथलंच आहे. घराणं मूळचं नगर जिल्ह्यातलं, आणि आमची ही चर्चला जाणारी चौथी पिढी. पण त्या वाक्याच्या मागे एक न विचारलेला प्रश्न उभा असतो आणि तो मला ऐकू येतो. ही बाई आता आपल्यालाही तिच्या धर्मात ओढणार का?

दर रविवारी उपासनेत मी नेमकं उलट ऐकते. साक्ष द्या, सुवार्ता स्वतःपुरती ठेवू नका. हे मला मनापासून पटतं. ज्या विश्वासावर मी दुःखाच्या रात्री काढल्या, तो मी शेजारणीपासून लपवून ठेवला तर माझ्या शेजारपणाला काय अर्थ? तरीही प्रश्न उरतोच. सांगायचं कसं? कोणत्या जागी उभं राहून सांगायचं? कोणाला सांगताना गप्प राहायचं? या प्रश्नांची उत्तरं शोधत मी वारंवार दोन ठिकाणी जाते. एक, योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. दुसरं, पंडिता रमाबाई. आणि या दोन गोष्टी मुळात एकमेकींत गुंतलेल्या आहेत.

रमाबाई १८८२ मध्ये पुण्यात आल्या तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या विधवा होत्या, कडेवर लहानगी मनोरमा होती आणि संस्कृत विद्वत्तेची कीर्ती त्यांच्याआधीच इथे पोचली होती. त्यांनी आर्य महिला समाज काढला, शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे साक्ष दिली आणि पुढच्याच वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेजच्या सेंट मेरी मठातल्या भगिनींकडे त्यांचा मुक्काम होता. याच मठाच्या भगिनी पुण्यात पंचहौदला काम करत होत्या, त्यामुळे ओळखीचा धागा पुण्याहूनच गेला होता. मठाच्या भगिनींनी त्यांना लंडनजवळ फुलहॅमला नेलं. समाजाने टाकलेल्या, 'वाया गेलेल्या' म्हणून हिणवलेल्या बायकांना तिथे आसरा दिला जात होता. रमाबाईंना याचं नवल वाटलं. ज्या स्त्रीचं तोंड पाहणंही पाप, असं त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या, तिची कोणी इतक्या मायेनं सेवा कशाला करावी? त्यांनी एका भगिनीला तसं सरळ विचारलं. त्या भगिनीने उत्तर म्हणून धर्मसिद्धान्त सांगितला नाही. तिने शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. तो चौथा अध्याय.

गोष्ट थोडक्यात अशी. भर दुपारी येशू दमून याकोबाच्या विहिरीवर बसला आहे. शिष्य गावात अन्न आणायला गेलेत. एक बाई एकटीच पाणी भरायला येते. यहुदी माणसांनी शोमरोन्यांशी संबंध ठेवायचा नाही, त्यांचं भांडं वापरायचं नाही, असा तिथला रिवाज. बाईची पाच लग्नं झालेली, आता जो आहे तो नवरा नव्हे. आणि येशू तिच्याकडे पाणी मागतो. तिला धक्का बसतो: तुम्ही यहुदी असून माझ्या हातचं मागता? तिथून बोलणं सुरू होतं आणि देवाची खरी भक्ती कुठल्या डोंगरावर करायची, इथपर्यंत जातं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला या गोष्टीची भाष्यं वाचायची गरज नाही. कोणाच्या हातचं पाणी चालतं आणि कोणाच्या हातचं नाही, यावर आपल्या गावांची रचना झालेली होती. रमाबाईंना ती गोष्ट का भिडली असेल, हे मला समजतं. त्यांच्या प्रश्नाला उत्तर देताना त्या भगिनीने ख्रिस्ताला जेत्याच्या किंवा गुरूच्या रूपात उभं केलं नाही. तहानलेल्या, हलक्या मानलेल्या बाईच्या घागरीकडे पाहणाऱ्या माणसाच्या रूपात उभं केलं. २९ सप्टेंबर १८८३ ला वाँटेजमध्ये रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. त्या एका वाचनानेच सगळं घडलं असं मी म्हणणार नाही. पुण्यातल्या फादर नेहेमिया गोऱ्यांशी झालेल्या चर्चाही त्यात होत्या, आणि रमाबाई सहजासहजी कोणाचं ऐकणाऱ्या नव्हत्याच. बाप्तिस्म्यानंतरही मठाच्या वरिष्ठांशी त्यांनी प्रत्येक मुद्द्यावर वाद घातला. पण माझ्या मते आपल्या विश्वासाबद्दल बोलायची उत्तम रीत तिथे दिसते. विचारलेल्या प्रश्नाला, केलेल्या कामाच्या पायावर, एक गोष्ट सांगून उत्तर.

१८८९ मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात आणलं. बालविधवांना शिक्षण, निवारा, आणि त्यांच्या धर्मात ढवळाढवळ करायची नाही, असा शब्द. मुलींनी आपापले सोवळे-ओवळ्याचे नियम पाळावेत, त्यांना तशी सोय मिळेल, असं ठरलेलं. आणि मग वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत रोज बायबल वाचत, प्रार्थना करत. खोलीचं दार बंद करत नसत. काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. केसरीतून टीका झाली, गावात चर्चा झाली, पालकांनी मुली काढून नेल्या. १८९३ मध्ये न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. सुधारकांमधली ही माणसं होती, रमाबाईंचे हितचिंतक होते. त्यांना रमाबाईंनी दार लावून घ्यावं, इतकंच हवं होतं. रमाबाईंनी ते मानलं नाही.

हे प्रकरण मी खूपदा वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी मी दोन्ही बाजूंना जाऊन येते. रमाबाईंचं दार बंद करायला सांगणं मला अन्यायच वाटतं. एखाद्या बाईला सांगायचं की तू अनाथ मुलींसाठी आयुष्य घाल, पण तू हे का करतेस ते त्यांना दिसू देऊ नकोस. हे कसं शक्य आहे? उघड्या दारातून दिसणारी प्रार्थना ही जबरदस्ती होत नाही. मात्र दुसरी बाजूही खोटी नाही. जी बारा-तेरा वर्षांची मुलगी डोकं भादरून घरातून बाहेर काढली गेली, तिला जेवण, पुस्तक, अंथरूण जिच्याकडून मिळतं, तिच्याच दारात ती प्रार्थनेला बसते. तिचं बसणं किती मोकळं? तिला स्वतःलाही ते सांगता येणार नाही. पालकांच्या रागात जातीचा अहंकार भरपूर होता, विधवांबद्दलचा निर्दयपणाही होता, पण त्यात एक साधी भीती होती जी मी आई म्हणून ओळखते.

यावरून मी माझ्यापुरतं एक ठरवलं आहे. जिथे माझा हात वर आहे, म्हणजे मी देणारी आणि समोरचा घेणारा आहे, तिथे मी आपण होऊन विश्वासाचा विषय काढत नाही. पगार, औषध, शाळेची फी, शिफारस, यांच्या बरोबर सुवार्ता द्यायची नाही. दार मात्र उघडं ठेवायचं. माझ्या चर्चमधल्या काहींना हे भित्रेपण वाटतं. मला ते विहिरीवर शिकायला मिळालेलं शहाणपण वाटतं. येशूने त्या बाईला काही देऊन सुरुवात केली नाही. त्याने मागितलं. तो दमलेला होता, त्याच्याकडे दोर-पोहरा नव्हता, आणि तिच्याकडे होता. तिच्या मदतीची त्याला खरोखर गरज होती, म्हणून ती मान वर करून बोलू शकली, उलट प्रश्न विचारू शकली. आपण ख्रिस्ती लोकांनी भारतात दवाखाने काढले, शाळा काढल्या, दुष्काळात अन्न दिलं, याचा मला अभिमान आहे. मिरजेचा दवाखाना असो की केडगावचं मुक्ती मिशन, ती सेवा ख्रिस्ताचीच आहे. पण इतकी वर्षं देणाऱ्याच्या जागी उभं राहून आपण मागायला विसरलो का, असं मला वाटतं.

पुण्यात पाणी आणि चहा या गोष्टी किती स्फोटक होत्या, ते पंचहौदने पाहिलेलं आहे. पेशवाईतल्या पाच हौदांवरून त्या जागेला नाव पडलं. तिथे १८८५ मध्ये पवित्र नाम देवालय उभं राहिलं. त्याचा उंच घंटाघराचा मनोरा आजही लांबून दिसतो. ऑक्टोबर १८९० मध्ये तिथल्या मिशनमध्ये व्याख्यानासाठी शहरातली नामवंत मंडळी जमली. रानडे होते, लोकमान्य टिळक होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातात धरला. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी पुढे हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, सुरू झालं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. ख्रिस्ती माणसाच्या घरचा एक पेला चहा, आणि सगळं शहर दोन तटांत. तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गंज पेठेत जोतीराव फुल्यांचा वाडा आहे. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला तो इथेच. फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, बायबल त्यांनी वाचलं, पाद्र्यांशी त्यांची मैत्री होती. ते ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांनी स्वतःचा सत्यशोधक मार्ग काढला. तरीही त्या हौदावर उभं राहिलं की मला वाटतं, विहिरीवरची गोष्ट इथे कोणीतरी मनापासून ऐकली होती. पेरलेलं बी कुठल्या रूपात उगवावं हे पेरणाऱ्याच्या हातात नसतं, आणि असूही नये.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना सुवार्ता सांगणारा माणूस तर नाव न सांगता निघून गेला. १८९३ मध्ये टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. डब्यात एक युरोपियन भेटला. तो सौजन्याने वागला, कवितेवर बोलला, धर्मावर बोलला. उतरताना त्याने नव्या कराराची एक प्रत हातात ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असं सांगितलं. टिळकांना ते फारसं पटलं नाही, पण वाचीन असा शब्द दिला होता, त्याला जागून त्यांनी वाचायला घेतलं. डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि पुस्तक खाली ठेवता येईना. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाला हे कधी कळलं का, मला ठाऊक नाही. त्या माणसाचा मला हेवा वाटतो. त्याने टिळकांना आपल्या हिशेबात कुठेच मांडलं नाही. आज चर्चांमधून अहवाल मागवले जातात, किती घरी गेलात, किती पत्रकं वाटलीत. त्या डब्यातल्या माणसाच्या वहीत काहीच नसणार.

टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची वाट अर्थात वेगळी. त्यांना नवऱ्याच्या धर्मांतराने काही वर्षं घराबाहेर काढलं, त्यांचं जग मोडलं. नंतर त्या टिळकांबरोबर राहायला आल्या तरी आपली चूल आणि आपलं पाणी त्यांनी वेगळंच ठेवलं. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही. त्या स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या गतीने एकेक भिंत ओलांडत गेल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचताना मला सर्वांत जास्त भावते ती ही गती. टिळकांसारखा तापट माणूस पत्नीच्या हौदा-विहिरींच्या नियमांपुढे थांबून राहिला, हीच त्यांची तिला दिलेली सर्वांत मोठी साक्ष होती असं मला वाटतं. पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

आज माझ्या घराच्या दारापाशी हे सगळं कसं येतं, ते सांगते. घटनेच्या पंचविसाव्या कलमाने मला माझा धर्म मानायचा, आचरायचा आणि त्याचा प्रसार करायचा हक्क दिला आहे. त्या प्रसारात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात म्हटलं. कायद्याचे जाणकार त्यावर वाद घालत आले आहेत. विश्वासाच्या बाजूने पाहिलं तर मला त्यात नवीन काही दिसत नाही. मन पालटणं हे मुळात माझं काम नाहीच, ते देवाचं काम आहे, असंच आमचं शास्त्र सांगतं.

कामाला येणाऱ्या मावशींची मुलगी मागच्या वर्षी बाळंतपणात अडली होती. ससूनमधून फोन आला तेव्हा मावशी आमच्या ओट्यापाशी उभ्या होत्या. "ताई, तुमच्या येशूला सांगा की," त्या म्हणाल्या. मी तिथेच, फरशीवर त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्या लेकीचं नाव घेऊन प्रार्थना केली, जशी मी माझ्या लेकीसाठी करेन तशी. मूल आणि आई दोघं सुखरूप राहिली. दोन दिवसांनी मावशींनी विचारलं, "मी आता तुमच्या चर्चात यायला लागंल का?" मी सांगितलं, "लागत नाही. यावंसं वाटलं तर या. नाही आलात तरी प्रार्थना चालूच राहील, आणि कामाचा आणि याचा काही संबंध नाही." त्या आल्या नाहीत. आषाढात मरीआईला नैवेद्य दाखवतात. अधूनमधून मला नावं सांगतात, नातवाचं, भावाचं, आणि मी ती नावं घेते. मी त्यांच्या मालकिणीच्या जागी आहे हे मला एक क्षणही विसरता येत नाही आणि विसरूही नये.

शेजारच्या काकूंशी मात्र माझं नातं वेगळं जमलं. आईच्या शेवटच्या आजारात मला मागावं लागलं. रात्री कोणीतरी बसायला हवं होतं, डबा हवा होता, मुलाला शाळेतून आणायला माणूस हवा होता. मी काकूंच्या दारात जाऊन मागितलं. त्या आळंदीहून निघणाऱ्या वारीत दरवर्षी काही मजल चालणाऱ्या, निवृत्त शिक्षिका. त्यांनी महिनाभर आमचं घर सांभाळलं. आई गेली तेव्हा त्या कबरस्तानात आल्या, आमची गीतं संपेपर्यंत उभ्या राहिल्या. देणं सगळं त्यांच्या बाजूने होतं. आणि तेव्हा, बऱ्याच दिवसांनी, त्यांनी विचारलं, "अगं, तू रडत होतीस, पण तुझ्या तोंडावर काहीतरी होतं. ते कुठून आणतेस?"

त्या दिवशी मी गप्प बसले असते तर ती काकूंशी प्रतारणा झाली असती. मी त्यांना सांगितलं की ख्रिस्त मेलेल्यांतून उठला हे मी खरं मानते, दृष्टान्त म्हणून नव्हे, घडलेलं म्हणून. आई त्याच्याबरोबर आहे आणि मला ती पुन्हा भेटेल, यावर मी टेकून उभी आहे. काकूंनी ऐकून घेतलं. मग त्यांच्या यजमानांच्या जाण्यानंतर ज्ञानेश्वरीने त्यांना कसं उभं केलं ते त्यांनी मला सांगितलं, आणि मी ऐकलं. मध्ये एकदाही माझ्या मनात उत्तर तयार होत नव्हतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं तेव्हा बरं वाटलं.

काही दिवसांनी त्यांनी योहानकृत शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका मागून नेली आणि पेन्सिलीने खुणा करून परत आणली. शिक्षिकेच्या खुणा त्या, समासात प्रश्नचिन्हं. चौथ्या अध्यायापाशी त्यांनी लिहिलं होतं की ही बाई हुशार आहे. चौदाव्या अध्यायापाशी मोठा प्रश्न होता आणि तो त्यांनी तोंडाने विचारला. "येशू एकच मार्ग, असं तुम्ही म्हणता. मग आमचे हे कुठे गेले? आयुष्यभर पंढरीची वाट चाललेला माणूस."

मी म्हटलं, "काकू, येशूच मार्ग आहे असं मी मानते, ते मी तुमच्यासाठी सौम्य करून सांगणार नाही. पण काका कुठे आहेत याचा हिशेब माझ्याकडे नाही. ज्याने त्या शोमरोनी बाईकडे पाणी मागितलं त्याच्या हातात तो हिशेब आहे, आणि त्याच्या दयेवर माझा माझ्या समजुतीपेक्षा जास्त भरवसा आहे."

काकूंना हे पटलं नाही, आणि त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं. तुमच्या देवाची दया मोठी असेल तर मार्ग एकच का, असं त्यांचं म्हणणं आहे आणि ते दुबळं नाही. माझ्याकडे त्यावर आणखी बोलण्यासारखं आहे, त्यांच्याकडेही आहे. सध्या त्या लूककृत शुभवर्तमान वाचतायत, उधळ्या पुत्राच्या गोष्टीपर्यंत आल्या आहेत, आणि त्यांच्या सांगण्यावरून मी ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय वाचायला घेतला आहे. गुरुवारी दुपारी त्यांच्याकडे बसतो. पुढच्या गुरुवारी त्या गोष्टीतल्या मोठ्या भावाच्या रागाबद्दल बोलायचं ठरलं आहे. तो त्यांना बरोबर वाटतो.